तुम्ही विचारलंत म्हणून: बाळाला पहिला श्वास कोण शिकवतं?

नऊ महिने पाण्यात असलेलं बाळ बाहेर येताच श्वास घ्यायला कुठून शिकतं, हा नेहमीचा प्रश्न. खरं तर ते शिकूनच येतं. साधारण दहा-अकराव्या आठवड्यापासून त्याचं श्वासपटल हलू लागतं. शेवटच्या तिमाहीत ही हालचाल सोनोग्राफीत स्पष्ट दिसते. ठेका धरणाऱ्या पेशी मेंदूच्या बुंध्यात असतात, त्या भागाला प्री-बोट्झिंगर संकुल म्हणतात. पण पोटात ही तालीम अधूनमधूनच चालते, कारण वारेतून येणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन मेंदूला आवरून धरतं.

नाळेतला रक्तप्रवाह थांबला की तो लगाम सुटतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, गार हवा लागते, पुसताना कातडी चोळली जाते. याच वेळी आणखी एक गोष्ट घडते. २०२० साली उंदरांवर झालेल्या संशोधनात दिसलं, की कार्बन डायऑक्साइड ओळखणाऱ्या पेशी जन्मताच 'पॅकॅप' नावाचं पेप्टाइड (प्रथिनासारखा छोटा रेणू) जोमाने बनवू लागतात. ते काढून टाकल्यावर पिल्लांचा श्वास वारंवार अडखळला. भोवतालचं तापमान बदललं की आणखीच.

ऑक्सिजनचं गणित मात्र उलटं आहे. मोठ्या माणसाला ऑक्सिजन कमी पडला की धाप लागते. नवजात बाळाचा श्वास मिनिट-दोन मिनिटं वाढतो आणि मग मंदावतो. म्हणून न रडलेल्या बाळाजवळ वाट बघत बसायचं नसतं. कोरडं करायचं, पाठ चोळायची, तळव्यावर टिचकी मारायची. श्वास नुकताच थांबलेला असेल तर एवढ्याने सुरू होतो. बराच वेळ ऑक्सिजन मिळाला नसेल तर कितीही चोळा, उपयोग नाही, आणि यातलं कोणतं बाळ कुठलं हे वरून कळत नाही. त्यामुळे पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्कने (नाका-तोंडावर मास्क ठेवून फुगा दाबत) मिनिटाला ४० ते ६० श्वास द्यायला सुरुवात करतात. उलटं धरून चापट्या मारणं हा निव्वळ तमाशा.

निळसर हातपाय बघून मात्र घाबरू नका. पहिल्या मिनिटाला ऑक्सिजनची पातळी ६०-६५ टक्केच असते. ८५-९५ पर्यंत जायला दहा मिनिटं लागतात. झोपेत पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा भराभर श्वास घेणं हेही बहुतेक वेळा नेहमीचंच. २० सेकंदांहून लांब थांबा, किंवा त्याहून छोटा पण हृदयाचे ठोके मंदावणारा, हा अ‍ॅप्निया.

अठ्ठाविसाव्या आठवड्याआधी जन्मलेल्या जवळपास सगळ्या बाळांना तो होतो, कारण ठेका अजून कच्चा असतो. त्यावर कॅफिन सायट्रेट देतात: पहिला डोस किलोमागे २० मिलिग्रॅम, मग रोज ५ ते १०. कॉफीतलंच कॅफिन; श्वास मंदावणाऱ्या अ‍ॅडेनोसिनची मेंदूतली जागा ते अडवून धरतं.