मात्रा गाळणारा फॉर्म

नाशिकमधील एका साहित्यप्रेमी मंडळाने कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, म्हणजे २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनी, आपल्या संकेतस्थळावर वाचकांच्या कविता प्रसिद्ध करायचे ठरवले होते. वाचकाने फॉर्म भरायचा, कविता वर्डप्रेसमध्ये, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रणालीत, ‘प्रलंबित’ म्हणून जमा व्हायची आणि संपादकांनी वाचून ती प्रसिद्ध करायची, एवढी सोय तयार प्लगइनमध्ये, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, असतेच. मला बोलावले होते ते फॉर्मला छायाचित्राचा रकाना जोडण्यासाठी.

रकाना जोडून झाल्यावर मी ‘हिवाळ्यातली गोदावरी’ असे शीर्षक घालून चाचणी घेतली, तर डॅशबोर्डच्या यादीत ‘हवळयतल गदवर’ असे उमटले. नोंद उघडली, तर आतला मजकूर मात्र शाबूत होता. कचरापेटीत पाहिले, तेव्हा निफाड, सिन्नर, येवल्याहून आलेल्या कितीतरी कविता अशाच शीर्षकांसह पडलेल्या दिसल्या. “मॅडम, गावाकडच्या या ज्येष्ठ मंडळींना मोबाइलवर टाइप करणे जमत नाही,” असे संपादनाचे काम पाहणाऱ्या काकांनी सांगितले. तालुक्यांत आवाहन पोहोचले आणि मोडकी शीर्षके येऊ लागली, हे एकाच सुमारास घडल्यामुळे त्यांचा तसा समज झाला होता. यादीत फक्त शीर्षक आणि नाव दिसते. त्यावरूनच, एकही कविता न उघडता, त्यांनी या नोंदी बाद केल्या होत्या आणि शुद्धलेखनाकडे लक्ष देण्याची सूचना कवींना ईमेलने पाठवली होती.

दोष एका ओळीत होता. त्याच सुमारास फॉर्ममधून स्पॅम येऊ लागले म्हणून आधीच्या डेव्हलपरने शीर्षकातून आणि नावातून अक्षरे, अंक व मोकळी जागा वगळता सारे काढून टाकणारा नियम घातला होता. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी ठरवलेल्या साऱ्या लिप्यांच्या सामायिक यादीत, ‘क’ हे अक्षर आहे, पण काना, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण यांची गणना अक्षरांत होत नाही, त्यांचा ‘चिन्हे’ हा गट वेगळा आहे. त्यामुळे इंग्रजी शीर्षकाला सहसा न बाधणारा तो नियम मराठी शीर्षकाच्या साऱ्या मात्रा पुसत होता. शिवाय तो प्लगइनच्या मूळ फाइलमध्येच लिहिलेला होता. दुसऱ्याच्या प्लगइनची मूळ फाइल बदलणे हा आमच्या व्यवसायातला सर्वांत आळशी प्रकार आहे, कारण पुढच्या अपडेटबरोबर तो बदल पुसला जातो आणि नेमके काय बदलले होते याचा मागमूस उरत नाही. अशा फेरफारांसाठीच प्लगइनमध्ये हुक, म्हणजे बाहेरून आपला कोड जोडण्याच्या जागा, दिलेले असतात.

मी ती ओळ काढली, हुक वापरून छोटे स्वतंत्र प्लगइन लिहिले, स्पॅम ओळखण्यासाठी माणसाला न दिसणारा, फक्त स्वयंचलित प्रोग्रॅमच भरतील असा एक रकाना ठेवला आणि शीर्षकाची लांबी बाइटऐवजी अक्षरचिन्हांत मोजायला लावली. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट (साठवणुकीची एकके) घेते, म्हणून शीर्षकावरची ६० ची मर्यादा प्रत्यक्षात जेमतेम २० चिन्हांवर येत होती.

वर्डप्रेस कचरापेटीतील नोंदी ३० दिवसांनंतर कायमच्या पुसते, म्हणून हे सारे करण्याआधीच मी त्या नोंदी परत ‘प्रलंबित’मध्ये आणल्या होत्या. मूळ शीर्षके आणि नावे सापडली ती मंडळाच्या मेलपेटीत, कारण नव्या कवितेची सूचना वाचकाने भरलेल्या मूळ मजकुरावरून तयार होत होती. ते ईमेल कोणी उघडलेलेच नव्हते. संध्याकाळपर्यंत काका आणि मी एकेक शीर्षक आणि नाव पडताळून दुरुस्त करत बसलो.

कविता आता विचारात घेतल्या जातील. पण चूक संकेतस्थळाची होती, तुमची नव्हती, असे त्या कवींना कळवावे, हे माझे म्हणणे मंडळाला पटलेले नाही. त्यामुळे मंडळाची प्रतिष्ठा कमी होईल असे त्यांना वाटते. ज्या माणसाने सत्तरीत मोबाइलवर मराठी टंकलेखन शिकून निर्दोष कविता पाठवली, त्याला आपणच शुद्धलेखनाचा धडा दिला आहे. दिलगिरीच्या पत्राचा मसुदा मी त्यांना लिहून दिला आहे आणि तो पाठवण्याचा आग्रह अजून सोडलेला नाही.