उन्हाळी शिबिर शोधायचंय? मग दिवाळीतच बसा

एप्रिल लागला की बडोद्यातले आईवडील विचारायला लागतात, नववी-अकरावीच्या मुलांसाठी सुट्टीत काही चांगलं आहे का? आहे, पण तोवर बहुतेक ठिकाणचे अर्ज बंद झालेले असतात. उरतात ते पैसे भरले की प्रवेश देणारे.

इस्रोची ‘युविका’च घ्या. 2019 मध्ये सुरू झालेला हा मुक्कामी कार्यक्रम मे महिन्यात साधारण दोन आठवडे चालतो. अर्ज मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये जेमतेम महिनाभर खुले असतात. त्या वर्षी 1 जानेवारीला विद्यार्थी नववीत हवा, म्हणजे संधी एकदाच. प्रवास, राहणं, जेवण सगळं इस्रोकडे. निवडीत आठवीच्या गुणांना 50 टक्के, ऑनलाइन क्विझला 10, विज्ञान प्रदर्शनाला जास्तीत जास्त 10 आणि पंचायत हद्दीतल्या शाळेला तब्बल 15. शहरात, अलकापुरीतल्या शाळेचं मूल हे 15 गुण कुठून आणणार? उलट पादरा-डभोई तालुक्यात गावच्या शाळेत शिकणाऱ्यांनी हा अर्ज अजिबात सोडू नये.

घोळ होतो तो प्रमाणपत्रांत. प्रदर्शन शाळेचं, जिल्ह्याचं, राज्याचं किंवा केंद्राचं आणि गेल्या तीन वर्षांतलं हवं. खासगी क्लासच्या ‘सायन्स फेअर’चं चकचकीत सर्टिफिकेट इथं कामाचं नाही. जुनी प्रमाणपत्रं जानेवारीतच शोधून स्कॅन करून ठेवा आणि मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं कामही तेव्हाच उरका. मार्चमध्ये शाळा परीक्षांत बुडालेली असते.

विज्ञान ऑलिंपियाडची वाट लांबची. शिबिर उन्हाळ्यात मुंबईला, मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रात. पण तिथं पोचायला नोव्हेंबरची पहिली परीक्षा आणि पुढची राष्ट्रीय फेरी पार करावी लागते. नोव्हेंबरच्या परीक्षेची नावनोंदणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास होते. आपली शाळा परीक्षा केंद्र नसेल, तर शहरातल्या दुसऱ्या केंद्रावर नाव घालता येतं का ते शिक्षकांकडून वेळेत काढून घ्या. गणित ऑलिंपियाडची पहिली परीक्षा तर नोव्हेंबरच्याही आधी, सप्टेंबरात.

सोनिपतच्या अशोका विद्यापीठातला ‘लोढा जीनियस’ हा उन्हाळी कार्यक्रम नववी ते बारावीसाठी असून खर्च तेच उचलतात. अमेरिकेतल्या ‘येल यंग ग्लोबल स्कॉलर्स’ची फी लाखांत जाते. आर्थिक मदत मिळते, पण ती अर्जासोबतच मागायची. निवड झाल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही. शिवाय पासपोर्ट आणि व्हिसाचा वेळ धरा.

‘तुमच्या पाल्याची निवड झाली आहे’ असा मेल न मागता आला, तर आधी पाठवणारा कोण ते बघा. नामवंत संस्थेचा परिसर भाड्यानं घेऊन भलतीच कंपनी शिबिर चालवते, असं सर्रास होतं. त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर कार्यक्रमाचं नाव नसेल, तर पैसे भरू नका. तीन गोष्टी लेखी मागा: शिकवणार कोण, रोज किती तास, शेवटी मूल काय करून दाखवणार. उत्तरात नुसती ‘एक्स्पोजर’, ‘लीडरशिप’ अशी भाषा आली की समजून जा.

बाहेर कुठं जमलं नाही, तर महाराजा सयाजीराव विद्यापीठ दारातच आहे. विज्ञान शाखेच्या एखाद्या प्राध्यापकांना जानेवारीत पाच-सहा ओळींचा मेल मुलानं स्वतः लिहावा: इयत्ता, काय वाचलंय, कुठले दोन आठवडे मोकळे, काय शिकायचंय. बाबांनी लिहिलेला मेल चटकन ओळखू येतो. एकच मजकूर वीस जणांना पाठवू नका, विभागात सगळे एकमेकांशी बोलतात. इतिहास-संस्कृतची आवड असेल, तर रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढणाऱ्या इथल्या प्राच्यविद्या मंदिरात विचारा. आठवड्याभरात उत्तर आलं नाही, तर एकदाच आठवण करायची; त्यानंतर दुसरं नाव.