ठराव पाच मिनिटांत, नक्कल अडीच महिन्यांनी

अंगणवाडीला संडास हवा, एवढंच मागणं होतं आमचं. १३ ऑगस्टच्या महिला सभेत मांडलं, १५ च्या ग्रामसभेत वाचलं, हात वर झाले, संपलं. कोरमला, म्हणजे सभा वैध धरायला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातली कमी असेल तेवढी माणसं लागतात, म्हणून झेंडावंदनानंतरची जिलेबी आमच्या बचत गटाने सभा होईपर्यंत अडवून धरली होती, त्यामुळे कुणी हललंच नाही 😄

मग सुरू झालं ठरावाच्या नकलेचं.

भाऊसाहेब (म्हणजे ग्रामसेवक, आता पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण आमच्या तोंडात भाऊसाहेबच) म्हणाले, "ताई, प्रोसिडिंग लिहायचं राहिलंय, पुढच्या आठवड्यात या." प्रोसिडिंग म्हणजे सभेचं इतिवृत्त. पुढच्या आठवड्यात त्यांची तालुक्याला मीटिंग. त्याच्या पुढच्या आठवड्यात भेटले तर वही घरी. मग गणपती. शिपायाला विचारलं तर कपाटाची चावी भाऊसाहेबांकडे, आणि भाऊसाहेबांकडे दोन गावांचा चार्ज, आमच्या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवार. शेतातलं काम टाकून मी सात फेऱ्या मारल्या, सात! आणि एका फेरीत डोक्यात लख्ख पडलं की आपण सगळ्या बायकांनी सह्या ठोकल्या त्या पानांवर मजकूर कुठे होता, पानं तर कोरीच होती. म्हणजे आमच्या सह्यांच्या वर आता कुणीही काहीही लिहा. कोऱ्या पानावर सही करू नका बायांनो, निदान रेघ तरी मारून घ्या.

शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. ३० दिवसांची मुदत असते, आमचं उत्तर २९ व्या दिवशी आलं. आणि त्यात काय, तर "अंगणवाडी शौचालयाबाबत चर्चा करण्यात आली." चर्चा! मंजूर हा शब्दच गायब.

नशीब जाऊबाईंनी मोबाईलवर शूटिंग केलं होतं (हे आधी सांगायला हवं होतं, सभेचं शूटिंग कराच). ऑक्टोबरअखेर गावाच्या विकास आराखड्याची ग्रामसभा लागली, त्यात पहिला विषय मागचं इतिवृत्त वाचून कायम करणे, बहुतेक लोक तेव्हा गप्पा मारत असतात. मी तिथेच उठले, व्हिडिओ लावला. सरपंच म्हणाले निधी नाही. मी म्हटलं, केंद्राच्या १५ व्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी बंधित आहे ना, पाणी आणि स्वच्छतेसाठीच, मग संडास कशात बसतो? दुरुस्ती झाली, नोव्हेंबरात सही-शिक्क्याची नक्कल हातात.

काम आराखड्यात चढलं का ते ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर लॉगिन न करता बघता येतं. आमचं चढलंय, खड्डा अजून खणलेला नाही.

२६ जानेवारीला सभा संपल्यावर भाऊसाहेबच म्हणाले, "ताई, बसा, आत्ताच लिहितो." बसले मग. दोन चहा झाले, पण शेवटची ओळ वाचूनच उठले.