तुम्ही विचारलेत म्हणून: न भरलेल्या परिषदेविषयी

"जी परिषद भरलीच नाही, तिच्यापायी तुम्ही इतकी वर्षे का घालवलीत?" हा प्रश्न मला अंबाझरीच्या काठी फिरताना, लग्नाच्या पंगतीत आणि माझ्याच निरोप समारंभात विचारला गेला आहे. पश्चिम आशिया अण्वस्त्रमुक्त करण्याच्या वाटाघाटी हा माझा अभ्यासविषय होता, हे विचारणाऱ्यांना ठाऊकच असते.

माझे ठरलेले उत्तर असे, की लॅटिन अमेरिका अण्वस्त्रमुक्त करणारा ट्लाटेलोल्को करार १९६७ मध्ये झाला, तरी ब्राझील आणि अर्जेंटिना त्यात पूर्णपणे यायला १९९४ उजाडले आणि क्यूबा तर २००२ मध्ये आला. तेव्हा घाई कसली? मात्र हे उत्तर अर्धेच आहे. त्या प्रदेशातल्या एकाही देशाकडे स्वतःचा बॉम्ब नव्हता. इकडे पश्चिम आशियात इस्राएल मात्र आपल्याकडे अण्वस्त्रे असल्याचे कबूलही करत नाही आणि नाकारतही नाही.

अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या २०१० च्या आढावा परिषदेत असे ठरले, की २०१२ मध्ये या विषयावर स्वतंत्र परिषद भरवायची. पुढच्या वर्षी फिनलंडचे याक्को लायावा समन्वयक म्हणून नेमले गेले आणि हेलसिंकी हे स्थळ नक्की झाले. माझी एक विद्यार्थिनी याच विषयावर पीएच.डी. करत होती आणि २०१२ च्या मे महिन्यात तिचे शेवटचे प्रकरण तेवढे उरले होते. जे झाले आहे त्यावरच ते लिहून प्रबंध सादर करते, कारण एका महाविद्यालयात जागा निघणार आहे, असे ती म्हणाली. कूलरच्या घरघरीत आवाज चढवून मी म्हणालो, "थोडं थांब. हेलसिंकी होऊ दे. जागा काय, पुन्हा निघतील."

ती थांबली. २३ नोव्हेंबरला अमेरिकेने जाहीर केले, की प्रदेशातली परिस्थिती पाहता आणि परिषदेच्या अटींवर संबंधित देशांत एकमत नसल्यामुळे ती भरवता येणार नाही. नवी तारीख दिली नाही. विद्यार्थिनी घरी आली तेव्हा तिच्या हातात स्पायरल बांधणीची प्रत होती, आणि अनुक्रमणिकेत सातव्या प्रकरणापुढे पृष्ठक्रमांकाची जागा कोरी होती. "सर, आता यात काय लिहू?" मी तिला पश्चिम आशिया अण्वस्त्रमुक्त करण्याचा इराण आणि इजिप्तचा १९७४ चा मूळ प्रस्ताव अर्धा तास समजावून सांगितला, जो तिला माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. तिने वही उघडली नाही. तोवर ती जागा भरली गेली होती. पुढे कित्येक वर्षे ती तासिका तत्त्वावर शिकवत राहिली.

चूक माझी होती, हे मी लिहून देतो; पण अंदाज चुकला म्हणून विषयच फोल होता, हे मला मान्य नाही. १९९५ मध्ये प्रसारबंदी करार कायमस्वरूपी झाला तो पश्चिम आशिया अण्वस्त्रमुक्त करण्याविषयीच्या ठरावाच्या आधारावर, आणि त्या ठरावाला मी वर्गात "हमी" म्हणत असे. आज मी त्याला उधारी म्हणेन. आणखी एक सल आहे. १९७४ मध्येच पाकिस्तानने दक्षिण आशियासाठी असाच प्रस्ताव आणला, तेव्हा भारताचा युक्तिवाद असा होता, की असा पुढाकार प्रदेशातल्या देशांच्या सहमतीतून यायला हवा आणि चीनला वगळून या प्रदेशाचा विचारच करता येत नाही. तो युक्तिवाद मी बिनतोड म्हणून शिकवला. इस्राएल "आधी शांतता, आधी प्रदेशातली मान्यता" म्हणतो, तेव्हा मात्र ती मला सबब वाटते. हा फरक कशाच्या बळावर करतो, याचे धड उत्तर मला अजून देता आलेले नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली अखेर परिषदेचे पहिले सत्र भरले. इस्राएल आणि अमेरिका आले नाहीत. त्या आठवड्यात त्या विद्यार्थिनीचा फोन आला. "सर, सातवं प्रकरण पुन्हा लिहायला घेऊ का?" ती चेष्टा करत होती की नाही, हे आवाजावरून कळले नाही. "थोडं थांब" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते.