बूगरोची पावलं: आठवडा अकरावा

माझ्या चित्रातल्या पुढच्या पावलाचा अंगठा काल रात्री अखेर जमिनीवर टेकला. तीन आठवडे तो अधांतरी होता. आकार बरोबर, रंग बरोबर, तरी दगडावर वजन म्हणून पडत नव्हतं. दोष पायात नव्हताच, सावलीत होता. तळवा दगडाला भिडतो तिथली गडद रेघ मी सगळीकडे सारखीच जाड ओढली होती. आता जिथे भार आहे तिथे ती धारदार ठेवली आणि कमानीखाली कोरड्या ब्रशने विरवत नेली. दहा मिनिटांचं काम होतं, पण ते दिसायला तीन आठवडे लागले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार विल्यम-अदॉल्फ बूगरो याच्या 1891 सालच्या 'फुटका घडा' या चित्राच्या खालच्या भागाची मी तैलरंगात प्रतिकृती करतेय. मूळ चित्र सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आहे, उंची साधारण 135 सेंटिमीटर. विहिरीपाशी बसलेली अनवाणी मुलगी, जवळ पडलेला फुटका घडा आणि थेट आपल्यावर रोखलेली नजर. मी चेहरा घेतलेला नाही. 16 बाय 20 इंचांच्या कॅनव्हासवर फक्त एकमेकांत गुंतलेले हात, कपड्यांचा घोळ आणि पावलं. हे जमलं तर चेहरा पुढच्या वर्षी.

पहिले तीन आठवडे फुकट गेले, याचं कारण सांगायलाच हवं. मी चित्र उतरवण्यासाठी चौकटींची ग्रिड आखून तिसऱ्या दिवशी थेट रंगाला हात घातला होता. बूगरो असं कधीच करत नसे. आधी लहान लहान कच्ची रेखाटनं, मग रंगांचा अंदाज घेणारं छोटं तैलचित्र, मग मॉडेल समोर बसवून डोकं, हात, वस्त्रांच्या चुण्या यांचे स्वतंत्र अभ्यास. त्यानंतर चित्राच्याच मापाचं पूर्ण रेखाटन, आणि ते कॅनव्हासवर उतरवल्यावर मग रंग. त्याची 800 च्या वर चित्रं नोंदलेली आहेत, त्यातली कित्येक माणसाच्या उंचीपेक्षा मोठी. इतका गुळगुळीत हात असलेला माणूस इतकं काम कसं उरकत असेल, हे मला कोडं होतं. आता वाटतं, ब्रश हातात येईपर्यंत त्याचे सगळे निर्णय घेऊन झालेले असत. चौथ्या आठवड्यात मी पॅलेट नाईफने सगळं खरवडलं आणि नुसत्या उजव्या हाताची पेन्सिलीने नऊ रेखाटनं केली. तेव्हापासून गाडी रुळावर आहे.

ही तयारीची सवय त्याला आली कुठून? 1825 साली ला रोशेल या बंदराच्या गावात जन्म. घरी दारू आणि ऑलिव्ह तेलाचा व्यापार. पाद्री असलेल्या काकाने त्याला वाढवलं, शिकवलं. बोर्दोमध्ये चित्रकला शिकताना तो जॅमच्या बरण्यांवरची लेबलं रंगवून पैसे मिळवायचा. पॅरिसला जायचं म्हणून काकाच्या ओळखीने आसपासच्या लोकांची 33 व्यक्तिचित्रं केली. 1846 मध्ये एकोल दे बोझार या पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत प्रवेश मिळाला तो शंभरात नव्याण्णवावा! रोममध्ये राहून शिकण्याची मानाची शिष्यवृत्ती दोनदा हुकली, ती 1850 मध्ये मिळाली, पॉल बोद्री या चित्रकाराच्या बरोबरीने. एखादा दैवी देणगीवाला माणूस असा वर येत नाही. हा घासून घासून वर आलेला आहे, आणि मला तो आवडण्याचं निम्मं कारण हेच आहे.

त्याच 1850 सालचं 'दान्ते आणि व्हर्जिल' जरूर पाहा, सध्या ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. नरकात एक शापित दुसऱ्याच्या गळ्याचा चावा घेतोय, पाठीचे स्नायू दोरखंडासारखे पिळलेले. पंचविशीतल्या चित्रकाराने परीक्षकांना ठणकावून सांगितलंय की मला शरीर येतं. पण असली चित्रं घरात लावायला कोण घेणार? रोमहून परतल्यावर शासकीय कामं मिळाली, चर्चची मिळाली, आणि हळूहळू तो शेतकरी मुली, आई आणि मूल, क्युपिड, अप्सरा यांकडे वळला. पोल द्युराँ-रुएल हा दलाल आधी त्याची चित्रं विकत असे, तोच पुढे मोने आणि रेन्वा या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचा आधार झाला. त्यानंतर बूगरोची चित्रं गुपिल ही कलाविक्रीची कंपनी विकू लागली. ग्राहक बरेचसे अमेरिकन. 1873 चं 'अप्सरा आणि सॅटर' (सॅटर म्हणजे ग्रीक पुराणातला अर्धा माणूस, अर्धा बोकड) तर न्यूयॉर्कच्या हॉफमन हाउस हॉटेलच्या बारमध्ये वर्षानुवर्षं टांगलेलं होतं. स्टर्लिंग क्लार्क या संग्राहकाने ते 1942 मध्ये विकत घेतलं, आणि आज ते अमेरिकेतल्या विल्यम्सटाउनच्या क्लार्क संग्रहालयात आहे.

इथेच त्याच्यावरचा जुना आरोप येतो: सगळं सुंदर, सगळं तुळतुळीत, आत काही नाही. चित्रकार देगा आणि त्याच्या मित्रांनी तर अशा गुळगुळीत कामासाठी बूगरोच्या नावावरून शब्दच पाडला होता. मला हा आरोप अर्धाच पटतो. 1875 मध्ये त्याचा मोठा मुलगा जॉर्ज गेला, ऐन पौगंडावस्थेत. पुढच्या वर्षी त्याने 'पिएता' रंगवलं. काळ्या वस्त्रातली मेरी, मांडीवर येशूचं निष्प्राण शरीर, भोवती रंगीत वस्त्रांतले देवदूत. मेरीचे डोळे रडून लाल झालेले आहेत आणि ती येशूकडे पाहत नाही, आपल्याकडे पाहते. 1877 मध्ये पत्नी नेली वारली, पाठोपाठ तान्हं मूलही. त्याच वर्षीचं 'सांत्वन करणारी मेरी' हे चित्र: मेलेलं बाळ पायाशी, आई मेरीच्या मांडीवर कोसळलेली. रंगाचा थर इथेही तितकाच गुळगुळीत आहे. ब्रशचे फटकारे दिसले तरच दुःख खरं, असं थोडंच आहे?

'फुटका घडा' मी निवडलं तेव्हा हे काहीच ठाऊक नव्हतं. आता त्या मुलीच्या नजरेकडे पाहिलं की पंधरा वर्षं आधीची ती मेरी आठवते.

असो, या आठवड्याची त्वचा. पहिल्या प्रयत्नात हात मेणाचा झाला, कारण उजेडातून सावलीत जाताना मी मऊ ब्रशने नुसतं घोळवत राहिले. खरी युक्ती मधल्या पट्टीत आहे. तिथे रंग थंड होतो, किंचित हिरवट राखाडी. मी पांढरा, यलो ऑकर आणि कणभर आयव्हरी ब्लॅक अशी छटा वेगळी कालवून ठेवली आणि ती उजेड आणि सावली यांच्या मध्ये ठोकळ्यासारखी लावली. घोळवणं त्यानंतर, तेही अगदी कमी. मग बोटांची पेरं, टाच आणि पायाच्या बोटांची टोकं यांवर अ‍ॅलिझरिन या गडद लाल रंगाचा पातळ ग्लेझ, म्हणजे खालचा रंग दिसू देणारा पारदर्शक थर. लाली चढली आणि हातात रक्त आलं. यात टायटॅनियम व्हाइट जपून वापरा, तो फार झाकतो आणि रंग खडूसारखा करतो. बूगरोकडे शिशाचा पांढरा होता. तो विषारी, मी घरात आणत नाही. त्याऐवजी झिंक मिसळलेला पांढरा घेतलाय, पण फक्त वरच्या पातळ थरांना, कारण झिंकचा जाड थर पुढे तडकतो. पावसामुळे थर सुकायला दुप्पट वेळ लागतोय, त्यामुळे दोन ग्लेझमध्ये सहा-सात दिवस सोडतेय.

ज्या सरांकडे मी रेखाटन शिकले ते जे. जे. स्कूलचे विद्यार्थी. प्लास्टरच्या पावलावरून महिना महिना चित्र काढायला लावायचे आणि आम्ही कंटाळायचो. ती शिस्त युरोपातल्या याच अकादमिक शाळांतून मुंबईत आली होती, हे आता समोर पाऊल रंगवताना उमगतंय.

बूगरो स्वतः अकादमी ज्युलियाँ या पॅरिसमधल्या खासगी कलाशाळेत शिकवायचा. एकोल दे बोझारची दारं स्त्रियांना 1897 मध्ये उघडली, ज्युलियाँमध्ये त्या कितीतरी आधीपासून शिकत होत्या. एलिझाबेथ गार्डनर ही अमेरिकन चित्रकर्ती त्याची वाग्दत्त वधू होती, पण त्याच्या आईचा विरोध होता. आई गेल्यावर 1896 मध्ये लग्न झालं तेव्हा तो सत्तरीचा होता. 1905 मध्ये तो ला रोशेललाच वारला. त्यानंतर काही दशकं त्याचं नाव चेष्टेपुरतं उरलं, ते 1984 मध्ये पॅरिसच्या पती पालेतल्या मोठ्या प्रदर्शनापर्यंत.

पुढचा टप्पा: डाव्या हाताची करंगळी. ती उजव्या हाताच्या बोटांखालून डोकावते आणि माझी अजून सुजल्यासारखी दिसते. रविवारी घरातल्या कुणाला तरी तसे हात गुंतवून खिडकीशी बसवणार आहे आणि रंगाआधी पाच रेखाटनं करणार आहे.