परवा निघायचंय

दिवाळी संपली, पाहुणे गेले. परवा पहाटे मी म्युनिकला निघणार. दोन महिने लिहिणं झालंच नाही, कारण बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आता ते पेपरातली बारीक अक्षरंही वाचून दाखवतात. केवढा जीव भांड्यात पडला!

काल आईसोबत नागपूरच्या कॉटन मार्केटला गेले. आंबिया बहराची, म्हणजे दिवाळीच्या सुमारास येणारी, संत्री आलीत, हिरवट-पिवळी, सैल सालीची. पण संत्री युरोपात वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, दुधाची मिठाईही नाही. म्हणून २३ किलोंच्या बॅगेत सावजी मसाला, चिवडा आणि आईची जुनी शाल.

रात्री आई ओट्यापाशी संत्रं सोलत होती. प्रत्येक फोडीचे पांढरे धागे काढून, बी बाजूला करून माझ्या हातात देत होती. मी बत्तीस वर्षांची आहे. एकही फोड नाकारली नाही.