तुम्ही विचारलंत म्हणून: तयार मिळतं, मग घरी कशाला?

मी घरच्या घरी छोटी इलेक्ट्रॉनिक यंत्रं बनवतो. ‘हे सगळं बाजारात तयार मिळतं की हो, मग घरी कशाला हा खटाटोप?’ गणपतीला आलेले चाकरमानी विचारतात, बँकेतले साहेब विचारतात, टेबलावर सोल्डरिंगचा धूर झाला की घरातूनही विचारलं जातं.

आमच्या ओटीवरच्या घड्याळापासून सुरुवात करतो. त्याला एकच काटा आहे. बाराच्या जागी ‘भरती’ लिहिलंय, सहाच्या जागी ‘सुकती’, म्हणजे ओहोटी. असलं घड्याळ मालवणच्या बाजारात टांगलेलं तुम्ही पाहिलंय? मीही नाही.

करायला मात्र सोपं. भिंतीवरचं साधं घड्याळ उघडा. आतला क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा करत गेलं की सेकंदाला एक ठोका उरतो. तो ठोका तांब्याच्या गुंडाळीत जातो, एकदा सुलट, एकदा उलट, आणि दर ठोक्याला इवलंसं चुंबक अर्धा फेरा घेतं. तासकाट्याच्या एका फेरीला असे 43,200 ठोके लागतात. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सरासरी 12 तास 25 मिनिटं जातात. तेव्हा तेच 43,200 ठोके जरा सावकाश द्यायचे, 1 सेकंदाऐवजी 1.035 सेकंदांनी. सगळी करामत एवढीच!

मूळ चिपकडून गुंडाळीकडे जाणारे पट्टे ब्लेडने कापायचे. गुंडाळीच्या दोन टोकांना केसाएवढ्या बारीक तारा सोल्डर करून त्या आर्डुइनो नॅनोच्या, म्हणजे आपण सांगू तसे ठोके देणाऱ्या चिमुकल्या बोर्डाच्या, दोन पिनांना जोडायच्या, मध्ये करंट आवरणारा रेझिस्टर घालून. तो गाळू नका, कारण घड्याळ दीड व्होल्टचं आणि नॅनो पाच व्होल्टची. एका ठोक्याला पहिली पिन वर, पुढच्याला दुसरी. काटा लगेच चालू लागतो.

यातलं गणित माझं नाही. किनाऱ्यावर ते कधीपासून तोंडी आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. चंद्र सूर्याच्या मानाने रोज सुमारे 12 अंश मागे पडतो, म्हणून भरतीही रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच लांबते. ओढ सूर्याचीही असते, त्यामुळे उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांच्या मधल्या दिवसांत माझा काटा अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तो लावायचा पौर्णिमेला किंवा अमावास्येला. होडी घालायची असेल तर छापील तक्ताच बघा. पण कालावलच्या खाडीत तिसरे (शिंपले) काढायला कधी उतरायचं, एवढ्यापुरता काटा भरवशाचा आहे. शेजारच्या काकी अंगणातूनच विचारतात, ‘काटो सुकतीवर इलो काय रे?’ मोबाईलवर वेळ दिसते हे त्यांना माहीत आहे. पण चिखलाच्या हाताने मोबाईल कोण काढणार?

दुसरं कारण खारी हवा. तयार यंत्रं कुठल्या तरी कोरड्या गावात तपासलेली असावीत असा मला दाट संशय आहे. इथे तांब्याचं टोक बघता बघता हिरवं पडतं. टाकीतल्या पाण्याची पातळी सांगणारं यंत्र घ्या. पाण्यात दोन सळ्या सोडून डीसी करंट दिला की विद्युत-अपघटनाने सळीच झिजत जाते. मग लोक अल्ट्रासॉनिक सेन्सर लावतात, म्हणजे ऐकू न येणारा आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणी किती खाली आहे ते मोजणारा. त्याचे दोन डोळे उघडे! एकात खारट ओल शिरते, दुसऱ्यात कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. त्यापेक्षा जुनाट रीड स्विच बरा. त्याचे संपर्क काचेच्या नळीत बंद असतात आणि तरंगत्या गोळ्यातलं चुंबक जवळ आलं की ते जुळतात. वारा आत जायला जागाच नाही. त्यावर पंपाची मोटर थेट चालवायला मात्र जाऊ नका. स्विचने ट्रान्झिस्टर, त्याने रिले (विजेने चालणारा छोटा स्विच), रिलेने कॉन्टॅक्टर (तसाच, पण मोटरीचा भार पेलणारा मोठा स्विच) अशी उतरंड ठेवा, आणि 230 व्होल्टची बाजू वायरमनकडून जोडून घ्या.

बोर्डाला इथे थोडे लाड लागतात. सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावलेला फ्लक्स मागे राहिला की ओल धरतो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून तो काढायचा. सुकल्यावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात, कनेक्टर वगळून. डब्यात वायर खालच्या बाजूने घ्यायची आणि आधी थोडा झोल ठेवायचा, म्हणजे पावसाचा थेंब झोलावरूनच गळून जातो. तयार यंत्रातलं काही गेलं तर अख्खा बोर्ड बदला म्हणतात. माझ्यातला वीस-तीस रुपयांचा ट्रान्झिस्टर मीच बदलतो.

रोबोचंही बरेच जण विचारतात. काळ्या पट्टीवरून धावणारी गाडी विज्ञान प्रदर्शनात छान दिसते, पण तिचं किट आणून स्क्रू आवळण्यात मला रस नाही. पोरांनी त्यापेक्षा घड्याळ उघडावं.

तेवढ्यासाठी भंगारवाल्याकडचंही चालेल, फक्त सेकंदकाटा टकटक उड्या मारत जाणारं निवडा. सरकत जाणाऱ्या काट्याचं नको. त्याच्या मोटरीला सेकंदाला कितीतरी ठोके लागतात, आणि मग वरचा 43,200 चा हिशेब लागू पडत नाही.